परदेशी नोकरी आणि घराचे ओझे

वस्तीतला मुलगा कंपनीतर्फे अमेरिकेला गेला की आपण पेढे वाटतो. दोन वर्षांनी तो फोनवर धड बोलत नाही, तेव्हा मात्र म्हणतो, पैसा आला आणि माणूस बदलला. आम्हाला हे मान्य नाही. तो थकलेला असतो.

न्यूयॉर्क आणि पुण्याच्या घड्याळांत हिवाळ्यात साडेदहा तासांचे अंतर असते. तिकडे रात्रीची जेवणे उरकतात तोच इकडचे ऑफिस उघडते. मुले झोपतात आणि बाप मीटिंगला बसतो.

मग तो नकार का देत नाही? मेख कायद्यात आहे. एच-१बी व्हिसा नोकरीला बांधलेला. नोकरी गेली तर जास्तीत जास्त ६० दिवसांची मुदत. तेवढ्यात दुसरी सोय झाली नाही, तर मुलांची शाळा अर्ध्यावर सोडून परतायचे. एच-४ व्हिसावर गेलेल्या पत्नीला २०१५ पर्यंत कमावण्याची परवानगीच नव्हती. त्या वर्षी ती मिळाली, तीही ग्रीन कार्डच्या वाटेवर ठराविक टप्पा गाठलेल्यांच्याच जोडीदारांना. मुदतीआधी काढल्यास परतीच्या प्रवासाचा वाजवी खर्च मालकाने द्यावा, असा तिथला कायदा आहे. पण तो कर्मचाऱ्याचा, बायकामुलांचा नाही!

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये 'बर्नआउट'चा संबंध कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या ताणाशी जोडला. मग दोष एकट्या माणसावर कसा टाकता येईल?

म्हणून आमचे सांगणे एवढेच, की सहीपूर्वी रात्रीच्या कामाची मर्यादा, रजा आणि कुटुंबाचा परतीचा खर्च लेखी मागा. तोंडी आश्वासन कोर्टात सिद्ध करता करता दमछाक होते.