आधी मावळतीची वेळ

लास वेगासला यायचं घाटतंय असं कोणी कळवलं की माझा भाचा पहिला प्रश्न विचारतो, "महिना कोणता?" माणसं किती, दिवस किती, खर्च किती झेपेल हे सगळं मागाहून. तो वेगासला लागूनच असलेल्या हेंडरसनमध्ये राहतो. त्यामुळे भारतातून येणारे काका-काकू, मित्रांचे आईवडील, बे एरियातले ओळखीपाळखीचे, सगळे सहलींची आखणी त्याच्याकडूनच करून घेतात. आम्ही गेलो ते दिवाळी उरकून, नोव्हेंबरच्या मध्याला. जेवणं झाल्यावर त्याने एक पाठकोरा कागद ओढला आणि सगळ्यात वर लिहिलं : सूर्यास्त ४.३०.

"मावशी, पैशांचं बघू. आपल्याकडे कमी आहे तो उजेड."

कॅसिनोत हे कळायचं नाही. तिथे भिंतीवर घड्याळ नसतं, खिडकी नसते, पहाटे तीनलाही संध्याकाळचे सात वाजल्यासारखं वाटतं. शहर संपलं की मात्र मोहावी वाळवंट लागतं आणि तिथे सगळा कारभार सूर्याचा. जूनमध्ये उजेड रात्री आठपर्यंत पुरतो, पण दुपारी गाडीबाहेर पाऊल टाकवत नाही. नोव्हेंबरात दिवसभर हिंडता येतं, पण दिवसच आखूड. महिना आधी विचारायचा तो यासाठी.

त्याची लिहायची पद्धतही उलटी होती. आपण साधारणपणे निघायची वेळ आधी ठरवतो. तो कागदाच्या उजव्या टोकाकडून सुरू करतो : अंधार कधी पडणार, त्याआधी कुठल्या रस्त्याला लागलेलं असायला हवं, त्या ठिकाणी खरोखर किती तास लागतात, आणि सगळ्यात शेवटी घरातून कधी निघायचं. डाव्या कोपऱ्यात राज्याचं नाव. ते कशाला, हे मला आधी कळेना. झायन राष्ट्रीय उद्यान युटामध्ये आहे आणि युटाचं घड्याळ कायम एक तास पुढे. ॲरिझोना उन्हाळ्यासाठी घड्याळ बदलतच नाही, म्हणून उन्हाळ्यात तिथली वेळ वेगाससारखीच आणि हिवाळ्यात एक तास पुढे. डेथ व्हॅली कॅलिफोर्नियात, तिथे काही फरक नाही. सकाळी सहाला निघून अडीच तासांत झायनला पोहोचलात तरी तिथे साडेनऊ वाजलेले असतात. तो तास परतताना मिळतो, पण तेव्हा अंधार असतो.

हा घोळ डोळ्यांनी बघायचा तर हूवर धरणावर जावं. वेगासपासून गाडीने जेमतेम पाऊण तास. धरणाची भिंत २२१ मीटर उंच, १९३५ साली लोकार्पण झालेली, आणि दोन राज्यांची हद्द तिच्यावरूनच जाते. भिंतीलगत पाण्यातून वर आलेल्या मनोऱ्यांवर दोन घड्याळं आहेत, एक नेवाडाचं, एक ॲरिझोनाचं. आम्ही गेलो तेव्हा त्यांच्यात बरोबर तासाचा फरक होता. बरोबर आलेल्या ताईने आपलं मनगटी घड्याळ दोन्हींशी ताडून बघितलं आणि "मी नेवाडातच बरी" म्हणाली. इथे भाच्याची एक सूचना मोलाची ठरली. २०१० साली धरणाच्या अंगावरून मोठा पूल झाला, पण गाडीतून जाताना त्याच्या कठड्यामुळे धरण दिसतच नाही. गाडी खाली लावून पुलावरच्या पायवाटेने चालत जायचं. तिथून भिंत, मागचं लेक मीड आणि पाणी उतरल्याने खडकांवर उमटलेला पांढरा पट्टा, सगळं एका नजरेत येतं. बहुतेक गाड्या मात्र पुलावरून सरळ निघून जातात.

खरी वादावादी झाली ती ग्रँड कॅन्यनवरून. हॉटेलच्या काउंटरवरून आणलेल्या पत्रकात 'ग्रँड कॅन्यन, एका दिवसात' असं मोठ्या अक्षरात होतं. भाच्याने बोट ठेवलं ते खालच्या बारीक 'वेस्ट' या शब्दावर. ग्रँड कॅन्यन वेस्ट ही हुआलापाई या आदिवासी समाजाची जमीन आहे. २००७ साली खुला झालेला, कड्याबाहेर ७० फूट गेलेला काचेचा स्कायवॉक तिथलाच. राष्ट्रीय उद्यान ते नव्हे, त्यामुळे उद्यानांचा पास तिथे चालत नाही, तिकीट वेगळं. जागा वाईट नाही, अडीच तासांत पोहोचता येतं. पण आपण ज्या दरीचे फोटो बघत मोठे झालो ती बहुतेक वेळा साऊथ रिमवरची, आणि ती वेगासपासून साधारण ४५० किलोमीटर. म्हणजे पुण्याहून पणजीला जाऊन त्याच रात्री परत. "लोक करतात," भाचा म्हणाला, "आणि नंतर मला फोटो पाठवतात. निम्मे गाडीतले असतात." त्याने कागदावर साऊथ रिमपुढे 'मुक्काम' लिहिलं आणि आमच्या यादीतून काट मारली. ताईला ते पटलं नाही. मला पटलं.

डेथ व्हॅलीला त्याने पूर्ण दिवस दिला, पाण्याचे कॅन मोजून घेतले आणि वाटेत पाहरम्पला टाकी भरायला लावली, कारण आत पेट्रोल महाग आणि मोबाइलला रेंज नाही. बॅडवॉटरला समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली उभं राहून दशम्या खाल्ल्या, एवढं सांगते.

मला सगळ्यात आवडलं ते सगळ्यात जवळचं रेड रॉक कॅन्यन. कॅसिनोंच्या रस्त्यापासून, म्हणजे स्ट्रिपपासून, अर्ध्या-पाऊण तासावर. ऑक्टोबर ते मे या काळात आधी वेळ आरक्षित करावी लागते. आतला २१ किलोमीटरचा रस्ता एकेरी आहे, ही गोष्ट आखणीत फार महत्त्वाची. थांबा चुकला की मागे वळता येत नाही, बाहेर पडून पुन्हा रांगेत. म्हणून भाच्याने थांबे आधीच क्रमाने लिहून दिले आणि शेजारच्या सीटवर बसणाऱ्याने, म्हणजे मी, ते मोठ्याने वाचायचे असं ठरलं. लाल खडकांच्या मधूनच फिकट पिवळसर पट्टे जातात. सकाळच्या तिरप्या उन्हात त्यांची शिवण न् शिवण दिसते, बाराच्या उन्हात सगळं सपाट होतं. आठचा स्लॉट घ्या, असं तो का म्हणाला ते तिथे कळलं.

खर्चाचं एक सांगायला हवं. १ जानेवारी २०२६ पासून परदेशी पाहुण्यांना ग्रँड कॅन्यन आणि झायन धरून ११ राष्ट्रीय उद्यानांत १६ वर्षं व त्यावरील माणशी १०० डॉलर जादा पडतात. त्यांचा वार्षिक पास २५० डॉलरचा. रेड रॉक किंवा हूवर धरण या यादीत नाही. भारतातून आईवडील येणार असतील तर हा हिशेब आधी करा.

आणि तीनच दिवस हाताशी असतील तर एक रेड रॉक व हूवर धरणाला, एक डेथ व्हॅलीला, एक झायनला द्या. स्ट्रिपवरचे दिवे आणि बेलाजिओ हॉटेलची कारंजी रात्री फुकट बघायला मिळतात, त्यासाठी दिवसाचा उजेड खर्चू नका. साऊथ रिम पुढच्या खेपेला, मुक्कामासकट.