नाव तर नोंदवलं, पुढे?

आजीच्या ट्रंकेत दोन हजेरीपट सापडले. दोन्ही एकाच वर्गाचे, एकाच महिन्यांचे, १९७९-८० मधले. एक निळ्या शाईतला, पट्टीनं आखलेला. त्यात ३० नावं आणि जवळपास प्रत्येक चौकोनात 'ह'. दुसरा साध्या वहीत, पेन्सिलीनं लिहिलेला. नावं तीच ३०, पण एकाही दिवशी १९ च्या वर हजेरी नाही. काही दिवस तर फक्त सहा-सात.

आजी प्रौढ शिक्षणाचा वर्ग चालवायची हे घरात सगळ्यांना माहीत होतं. आम्ही तेव्हा मालवा मिलच्या बाजूला राहायचो (आम्ही म्हणजे आजी-आजोबा आणि बाबा, माझा जन्म अजून लांब होता). जवळच्या देवळाच्या ओट्यावर रोज रात्री कंदील लावून वर्ग भरायचा. यायच्या त्या बहुतेक मिल कामगारांच्या बायका. आजी स्वतः सातवी पास. महिन्याला ५० रुपये मानधन. सासरी आल्यावर हातात आलेली ती तिची पहिली स्वतःची कमाई, हे ती आम्हाला शंभर वेळा सांगायची. दोन हजेरीपटांचं मात्र कधीच बोलली नाही.

माझं नोकरीतलं काम डॅशबोर्ड बनवण्याचं. त्यामुळे सवयीनं मी पेन्सिलीची वही स्प्रेडशीटमध्ये भरली. आई म्हणाली, "तुला सुट्टीच्या दिवशीही हेच सुचतं का रे?" पण भरल्यावर एक गंमत दिसली. गैरहजेरी कशीही विखुरलेली नव्हती. बायकांचे साधारण तीन गट पडत होते आणि प्रत्येक गट दर तिसऱ्या आठवड्यात गायब होत होता. मला काही उलगडेना. आईनं पडद्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "अरे, पाळी."

मिलच्या तीन पाळ्या दर आठवड्याला बदलायच्या. नवऱ्याची सकाळची पाळी असली की तो संध्याकाळी घरी. मग त्याचा चहा, त्याचं जेवण, त्याचे मित्र. ती बाई वर्गाला येणार कशी? दुसऱ्या पाळीत तो मध्यरात्री परतणार, म्हणजे संध्याकाळ तिची स्वतःची. भोंगा मिलमध्ये वाजायचा आणि हजेरी आजीच्या ओट्यावर कमीजास्त व्हायची.

मग दुसरी वही कशासाठी? राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम २ ऑक्टोबर १९७८ ला सुरू झाला. पाच वर्षांत १५ ते ३५ वयाच्या १० कोटी लोकांपर्यंत पोहोचायचं, असं लक्ष्य होतं. त्यासाठी प्रत्येक केंद्रात ३० जण हवेत असा हिशेब. केंद्रात ३० नसतील तर केंद्र चालत नाही असा शेरा पडणार. केंद्र बंद झालं तर त्या १९ जणींचंही गेलं. आजीनं निळ्या शाईत ३० लिहिले आणि खरं काय ते पेन्सिलीनं स्वतःजवळ ठेवलं. खोटं ते खोटंच. आधी मला जरा लाजच वाटली. आता वाटतं, ती कागदावर जे लिहीत होती त्यापेक्षा पेन्सिलीच्या वहीत काय होतं हे कोणी विचारलं असतं तर बरं झालं असतं.

१९८० मध्ये केंद्रात सरकार बदललं आणि कार्यक्रमाचा जोर ओसरला. प्रौढ शिक्षणाचा आलेख आपल्याकडे नेहमी असाच, डोंगर आणि दरी. त्याआधी १९५९ मध्ये साताऱ्यात ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढे महाराष्ट्रभर गेली. गावंच्या गावं साक्षर झाल्याचे सोहळे झाले. पण पुढे वाचायला काही हाती नसल्यामुळे कित्येक जण अक्षर विसरले. १९८८ मध्ये राष्ट्रीय साक्षरता मिशन आलं. १९९० मध्ये केरळचा एर्नाकुलम जिल्हा पूर्ण साक्षर म्हणून जाहीर झाला आणि तीच पद्धत देशभर नेली गेली. मानधन नाही, स्वयंसेवक शिकवणार, कलापथकं गावोगाव फिरणार.

या मोहिमेतल्या दोन गोष्टी मला फार आवडतात. तमिळनाडूत पुदुकोट्टईला साक्षरतेच्या जोडीनं बायकांना सायकल शिकवली. झुंबड उडाली. पाणी आणायला, बाजारात जायला, मुलाला शाळेत सोडायला सायकल हवीच होती. तिच्या मागच्या कॅरिअरवर बसून अक्षरं आली. आणि नेल्लोर जिल्ह्यात वाचनाच्या पुस्तकातला दारूविषयीचा धडा वाचून बायका उठल्या, त्यांनी गावातली दारूची दुकानं बंद पाडली. त्यातून उभं राहिलेलं आंदोलन इतकं वाढलं की आंध्र सरकारला १९९३ मध्ये गावठी दारूवर बंदी घालावी लागली. हैदराबादच्या आपल्या जुन्या वाचकांना ते दिवस आठवत असतील. अशा वर्गांना बायका बोलावण्याची वाट पाहत नाहीत.

पुढचा डोंगर 'साक्षर भारत'. ८ सप्टेंबर २००९ ला सुरू, मार्च २०१८ ला बंद. सरकारी हिशेबानं सुमारे ७ कोटी ६४ लाख लोक त्यातून साक्षर झाले. पण २०११ च्या जनगणनेत १५ वर्षांवरचे निरक्षर होते २५ कोटी ७६ लाख. वजाबाकी करा, १८ कोटींच्या वर उरतात, आणि यात बायका पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त. आपल्या मध्य प्रदेशात तेव्हा पुरुषांची साक्षरता ७८.७ टक्के आणि बायकांची ५९.२. हे अंतर फक्त खेड्यातलं नाही. ते आपल्या स्वयंपाकघरात रोज भांडी घासायला येतं.

आमच्याकडे येणाऱ्या मावशी मूळच्या बुऱ्हाणपूरकडच्या. घरात मराठी, बाहेर हिंदी. वय ४३. दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी त्यांनी मोबाइल पुढे केला, "दादा, हा मेसेज बँकेचा आहे का फसवणुकीचा, सांगता का?" तो फसवणुकीचाच होता. तेव्हा मी म्हटलं, मावशी, शिकता का? आणि 'उल्लास' या सरकारी ॲपवर त्यांचं नाव विद्यार्थी म्हणून आणि माझं शिकवणारा म्हणून टाकलं. पाच मिनिटांचं काम. त्या पाच मिनिटांत देशाच्या आकड्यात दोन माणसं वाढली.

२०२२ ते २०२७ अशा या योजनेचं लक्ष्य ५ कोटी लोकांचं, पंधराव्या वर्षापुढे वयाची अट नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सांगितलेले आकडे असे: ३ कोटींहून जास्त विद्यार्थी, ४२ लाखांहून जास्त स्वयंसेवक. परीक्षेला बसलेले सुमारे १ कोटी ८३ लाख आणि त्यांतले ९० टक्के उत्तीर्ण. ९० टक्के ऐकायला छान वाटतं. पण ते बसलेल्यांचे. नाव नोंदवून तोवर परीक्षेपर्यंत न पोहोचलेले एक कोटीहून जास्त आहेत. काही नुकतेच आलेले असतील. बाकीच्यांसाठी कुठल्या डॅशबोर्डवर रकाना आहे?

मी हे दुसऱ्यांना नावं ठेवायला लिहीत नाहीये. त्या ४२ लाखांत मी आहे, आणि नाव नोंदवल्यावर पहिले तीन महिने मी मावशींना एक अक्षर शिकवलं नाही. रिलीज होती, मग पावसाळ्यात आई आजारी होती, मग गणपती. ॲपमध्ये मात्र मी पहिल्या दिवसापासून स्वयंसेवक.

शेवटी बसलो तेव्हा पहिली अडचण वेळेची. मला रात्री आठ सोयीचे. त्यांना आठ वाजता स्वतःच्या घरचा स्वयंपाक. त्यांना दुपारी अडीच ते साडेतीन मोकळे, तेव्हा माझी मीटिंग. सहा आठवड्यांत आम्ही चार वेळा बसलो. मग आईच म्हणाली, दुपारचं मी बघते, तू रविवारी गणित घे. त्यानंतर गाडी रुळावर आली. इमारतीतल्या आणखी दोघी येऊ लागल्या.

आपल्याकडचं पुस्तक 'अक्षर पोथी', हिंदीतलं. मावशींनी सगळी अक्षरं पाहून विचारलं, "यात ळ कुठंय?" त्यांच्या आईच्या नावात ळ आहे. हिंदीच्या वर्णमालेत तो नाही. आईनं पानाच्या कोपऱ्यात मोठा ळ काढून दिला, तेव्हापासून त्या तो सगळीकडे काढून बघतात, वाणसामानाच्या यादीतसुद्धा. आपण एवढ्या पिढ्या इंदुरात राहून ळ सांभाळला, त्यात ही एक भर.

परीक्षा १५० गुणांची. वाचन, लेखन, आकडेमोड प्रत्येकी ५०. मावशी बसल्या आणि पास झाल्या. आकडेमोडीत सगळ्यांत जास्त गुण, कारण चार घरांचा पगार आणि भिशी त्या वर्षानुवर्षं तोंडी सांभाळत होत्या, फक्त लिहीत नव्हत्या.

खरी अडचण यानंतर सुरू झाली. मावशींना रुग्णसेवेचा कोर्स करायचा होता. आमच्या आजीचं शेवटचं दीड वर्ष त्यांनीच केलं. अंग पुसणं, कूस बदलणं, औषधाच्या वेळा, सगळं त्यांना येतं. घरी रुग्ण सांभाळणाऱ्या बाईला भांडी घासण्यापेक्षा कितीतरी जास्त पैसे मिळतात. एका प्रशिक्षण केंद्रात चौकशीला गेलो. तिथल्या मुलीनं विचारलं, "मावशीजी, आठवी की दसवी की मार्कशीट?" मावशींनी उल्लासचं प्रमाणपत्र पुढे केलं. ती मुलगी कसनुशी हसली. तिचा दोष नव्हता, तिच्या फॉर्ममध्ये त्या कागदासाठी जागाच नव्हती.

गेल्या दहा वर्षांत सगळं लक्ष अक्षरांकडून कौशल्याकडे गेलं आहे. प्रधानमंत्री कौशल विकास योजना १५ जुलै २०१५ ला सुरू झाली. पहिल्या वर्षी सुमारे २० लाख, पुढच्या चार वर्षांच्या टप्प्यात १ कोटी १० लाख, कोविडच्या काळातल्या तिसऱ्या टप्प्यात जेमतेम ७ लाखांवर. पुन्हा डोंगर आणि दरी. मधल्या मोठ्या आकड्यातले पुष्कळ जण असे की ज्यांना काम आधीच येत होतं. त्यांना थोडक्या तासांची ओळख करून देऊन, परीक्षा घेऊन प्रमाणपत्र दिलं गेलं. कल्पना म्हणून ती मला पटते, मावशींसारख्यांसाठीच ती आहे. पण शिकून तयार झालेले आणि आधीपासून येणारे एकाच बेरजेत टाकले की आलेख उंच दिसतो, एवढंच.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेत मांडलेला कॅगचा अहवाल वाचला तेव्हा मला आजीची निळी वही आठवली. प्रशिक्षणार्थींच्या बँक खात्याच्या रकान्यात ९० टक्क्यांहून जास्त नोंदींमध्ये शून्य, कोरी जागा किंवा निरर्थक काहीतरी. काही ठिकाणी एकापुढे एक नुसते १. हे कसं होतं ते आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना पक्कं ठाऊक आहे. रकाना अनिवार्य करायचा, आत काय भरलं ते तपासायचं नाही. समोर रांग, वर टार्गेट, मग बोट १ वर दाबून धरायचं. त्याच अहवालानुसार अल्पमुदतीचे वर्ग करून प्रमाणपत्र मिळालेल्यांपैकी साधारण ४१ टक्क्यांना काम मिळाल्याची नोंद आहे. राज्याची 'सीखो कमाओ' योजना २०२३ मध्ये आली. तिच्यात महिना ८ ते १० हजार विद्यावेतन, म्हणून मुलांनी भराभर नावं नोंदवली. पण तीही १८ ते २९ वयासाठी, बारावी किंवा आयटीआयवाल्यांसाठी.

म्हणजे एका शिडीवर मावशी वरच्या पायरीवर पोहोचल्या आणि दुसरी शिडी तिथून पाच-सहा फूट उंचावर सुरू होते. मधल्या पायऱ्या कागदावर आहेत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत मोठ्यांसाठी अ, ब, क असे तीन स्तर आहेत, ते तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीचे. क स्तर झाला की आठवीचा कागद हातात. मी फॉर्म, फी, फोटो सगळं बघतो म्हटलं. मावशींनी एकच विचारलं, "क्लास कधी असतो?"

आम्ही पाहिलेल्या केंद्रावर रविवारी सकाळी अकराला. रविवारी सकाळी मावशींची तीन घरं असतात आणि तिन्ही घरी पाहुणे.

त्यामुळे सध्या आम्ही घरीच तयारी घेतोय. आई भाषा घेते, मी गणित आणि परिसर. आता पाच जणी आहेत आणि आमच्या हॉलमध्ये पाच जणी, आईचा गुडघा आणि बाबांचा टीव्ही एकत्र मावत नाहीत. मी हजेरी ठेवतो, पेन्सिलीनं. बुधवारी कमी असते, कारण जवळच हाट भरतो, म्हणून बुधवारी आम्ही नवं काही शिकवत नाही.

आपल्या मंडळाचा खालचा हॉल सोमवार ते शुक्रवार दुपारी दोन ते चार रिकामा असतो. पंखे आहेत, फळा आहे, पिण्याचं पाणी आहे. कार्यकारिणीकडे मी अर्ज दिलाय. ज्यांच्या घरी येणाऱ्या मावशींना दुपारी यायचंय त्यांनी, आणि दुपारी तासभर देऊ शकणाऱ्या निवृत्त काका-काकूंनी, मंडळाच्या कार्यालयात नाव सांगावं. पण नाव सांगायच्या आधी त्या मावशींना कुठली वेळ जमते ते विचारून घ्या.