आधी तुलना, मग फूटपट्टी

नवरात्र जवळ आली की वडोदऱ्यात घरोघरी माळ्यावरच्या दांडिया खाली उतरतात. आमच्या बालवाडीत त्या गणिताच्या कामी येतात. लहानमोठ्या पाच काठ्या सतरंजीवर टाकून "सगळ्यांत लांब कुठली?" असं विचारलं, की चार वर्षांचं मूल हटकून लेस गुंडाळलेली चकचकीत काठी उचलतं. डोळ्यांत भरते तीच त्याच्या लेखी मोठी. म्हणून पहिल्या खेळाला आम्ही कोऱ्या, सारख्या जाडीच्या काठ्या घेतो. माँटेसरींच्या दहा लाल दांड्यांतही हीच युक्ती आहे. रंग तोच, जाडी तीच; लांबी तेवढी 10 सेंटिमीटरपासून 1 मीटरपर्यंत वाढत जाते. तो संच नसला तरी काही अडत नाही. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडकांनी पुढे बोर्डी-कोसबाडला शिंपले, बिया, खडे यांवरच मुलांना शिकवलं.

एक मुलगा आणि एक मुलगी काठ्या उभ्या धरून भांडत असतात. "माझीच लांब!" त्याने मुठीतली काठी हळूच वर सरकवलेली असते. मी मध्ये पडत नाही. मग ती ओरडते, "ए, खाली टेकव ना!" सुरुवात एका पातळीवर हवी, हा नियम तिनेच घातला.

मग सतरंजी मोजायची. टाचेला अंगठा भिडवत तीच मुलगी चालते: 15 पावलं. मी चालते: 10. "ताई, तू चुकलीस!" पुन्हा मोजलं तरी 10च. बरीच वादावादी झाल्यावर कुणीतरी माझ्या पायाशेजारी आपला पाय ठेवून बघतं, आणि उलगडा होतो. माप मोठं तर आकडा लहान, हे फळ्यावर लिहून समजलं नसतं.

वजनासाठी कपड्यांचा हँगर पुरतो. एका टोकाला ममऱ्याची फुगलेली पिशवी, दुसऱ्याला कुलूप. सगळे ममऱ्याच्या बाजूने. हँगर कुलपाकडे झुकतो आणि वर्गात एकच गलका.

पाण्यापाशी मात्र मी थांबते. वाटीतलं पाणी उंच पेल्यात ओतलं की ते "वाढलं" असं मुलं ठामपणे सांगतात. साधारण सहा-सात वर्षांपर्यंत असंच वाटतं, हे मानसशास्त्रज्ञ पियाजेने नोंदवून ठेवलं आहे. दामटून "सारखंच आहे" म्हणवून घेतलं तर मूल तेवढं पाठ करतं. त्यापेक्षा टबात ओताओत करू द्यावी.

पालक विचारतात, "सेंटिमीटर कधी शिकवणार?" ते शाळेत येईलच. पुष्कळ फूटपट्ट्यांवर शून्य कडेपासून जरासं आत असतं, आणि मोठी मुलंही कडेपासून नाहीतर 1 पासून मोजतात. काठी टेकवण्यावरून भांडलेलं मूल सुरुवात कुठून, हे आधी बघेल.