चाचांचा फोटो

आमच्या मेसमधले चाचा या महिन्यात रिटायर होत आहेत. हाउसच्या भिंतीवर लावायला त्यांचा फोटो काढायचे काम माझ्याकडे आले. पहिल्या वेळी मी त्यांना दुपारी बारा वाजता ग्राउंडवर उभे केले. ऊन डोक्यावर, त्यामुळे टोपीच्या सावलीत डोळेच गायब! पीक कॅप घालून फोटो काढणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

दुसऱ्या वेळी आधी जागा शोधली. मेसच्या उत्तरेकडच्या खिडकीतून थेट ऊन येत नाही, मऊ उजेड येतो. तिथे त्यांना थोडे तिरके बसवले. चेहऱ्याची दुसरी बाजू काळी पडत होती, म्हणून मित्राने माझी पांढरी चादर तिकडे धरली. (इन्स्पेक्शनमध्ये तिच्या सुरकुत्यांसाठी मी बोलणी खाल्ली, ते वेगळे.) लेन्स १८-५५ मिमीची. अगदी जवळून १८ वर काढले तर नाक मोठे दिसते, म्हणून दोन मीटर मागे सरून ५५ वर काढले. एफ/५.६, १/१२५ सेकंद, आयएसओ ८००, फोकस जवळच्या डोळ्यावर.

सगळे जमले, पण चाचा सावधानमध्ये बसल्यासारखे ताठ. मग कॅमेरा स्टँडवर लावला, बटणावर बोट ठेवले आणि गप्पा सुरू केल्या. विचारले, "चाचा, आम्ही सहावीत आलो तेव्हा पहिल्या रात्री सर्वांत जास्त कोण रडले?" ते हसले आणि माझ्याकडेच बोट दाखवले.

त्या फोटोत त्यांचा हात धूसर आला आहे. भिंतीसाठी मी दुसरा निवडला. घरी न्यायला चाचांनी मात्र हाच मागितला.