रान पेरणारे पंख

पावसाळा आला की किती रोपे लावली याचे आकडे जाहीर होऊ लागतात. सह्याद्रीतले सदाहरित रान मात्र कोणी लावलेले नाही. विखुरलेल्या बियांतून ते आपसूक उभे राहिले. ते टिकवायचे तर झाडांइतकेच बिया वाहून नेणारे प्राणीही जपले पाहिजेत. फळ झाडाखालीच पडून राहिले तर काय होते, याचे स्पष्टीकरण डॅनियल जॅन्झन यांनी १९७० मध्ये आणि जोसेफ कॉनेल यांनी १९७१ मध्ये स्वतंत्रपणे मांडले. मूळ झाडाभोवती त्याच जातीवर पोसणारे किडे आणि बुरशी असतात. तिथे रोपांची दाटी झाली की त्यांचे फावते. दूर पडलेली बी या तडाख्यातून सुटण्याची शक्यता जास्त असते.

सावरीची बी कापसाबरोबर उडते, तेरड्याचे बोंड तडकून बिया उडवते. पण घनदाट रानात वारा फारसा शिरत नाही, आणि जड बी त्याला पेलवतही नाही. रानजायफळ पिकून उकलले की आत लाल जायपत्रीत गुंडाळलेली बी दिसते. धनेश ती चोचीच्या टोकात धरतो, हवेत उडवून घशात घेतो. पोटात जायपत्री पचते आणि अखंड बी तो नंतर दुसरीकडे ओकून टाकतो. भेरली माडाच्या बिया उदमांजराच्या विष्ठेतून पसरतात.

धनेश नसला तर बुलबुल आहेतच की, असे कोणी म्हणेल. पण रानजायफळाची बी बुलबुलाच्या चोचीत मावत नाही. त्याच्यामार्फत पसरतात त्या लहान बिया, आणि त्यांत घाणेरीसुद्धा आली. बियांचे गोळे करून टाकावेत, हाही उपाय सुचवला जातो. उघड्या माळावर काही जातींसाठी तो चालेलही. रानजायफळाची बी मात्र वाळली की लवकर मरते. तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: विणीच्या काळात नर ढोलीतल्या मादीला फळे भरवतो, तेव्हा पुष्कळ बिया घरट्याखालीच ढिगाने पडतात. हे खरे आहे. पण वीण वर्षातले काही महिनेच चालते. एरवी हा पक्षी फळांच्या शोधात लांबवर भटकतो आणि बियाही वाटेत ठिकठिकाणी पडतात.

मोठ्या बियांच्या अनेक झाडांचे लाकूड घट्ट असते, त्यात कार्बन जास्त साठतो. फळे खाणारे मोठे प्राणी संपले तर जंगलाची ही साठवण घटेल, असा हिशेब ब्राझीलच्या अटलांटिक जंगलाबाबत २०१५ मध्ये मांडला गेला. म्हणून वनीकरणाचे यश केवळ रोपांच्या संख्येवर मोजणे अपुरे आहे. धनेशाला ढोल स्वतः कोरता येत नाही. कोकणातल्या देवराईतला जुना बेहडा त्याला ती देतो. असा एक बेहडा तोडून शंभर रोपे लावली, तरी ती ढोल तयार व्हायला कित्येक दशके लागतील. शिकार थांबवणे आणि ढोलीची जुनी झाडे राखणे, हे वृक्षारोपणाच्या आधीचे काम आहे.