निर्जन बेटावरचा मुक्काम

प्रवासाचे प्रकार पुष्कळ आहेत. आज ज्या प्रकाराविषयी मी बोलणार आहे, त्यात आगगाडी नाही, उतारशाळा नाही आणि वाट दाखवणारा माणूसही नाही. स्वतः वल्हवायच्या लहानशा होडीत तंबू, शिधा आणि पिण्याचे पाणी भरायचे, किनाऱ्यापासून काही अंतरावर असलेल्या निर्जन बेटावर उतरायचे, तेथे एक-दोन रात्री काढायच्या आणि आलो होतो तसे परत यायचे, असा हा प्रकार आहे. अशा मुक्कामाला पाश्चात्त्य लोक 'आदिम मुक्काम' म्हणतात. आदिम म्हणजे रानटी नव्हे. तेथे धक्का नाही, नळ नाही, दिवा नाही आणि मदतीला हाक मारावी असा शेजारीही नाही, एवढाच त्याचा अर्थ.

या मुक्कामाची उत्तम व्यवस्था पाहायची असेल, तर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या ईशान्य टोकाला असलेल्या मेन या राज्याकडे वळले पाहिजे. मेनचा किनारा सरळ रेषेत मोजला तर अवघा २२८ मैल भरतो. पण प्रत्येक खाडी, प्रत्येक भूशिर आणि प्रत्येक बेट यांच्या कडेकडेने मोजत गेले, तर तोच किनारा ३,४७८ मैलांचा होतो! या विलक्षण फरकाचे कारण हिमयुगात आहे. हजारो वर्षे त्या भूमीवर बर्फाचा प्रचंड थर बसला होता. त्याच्या भाराने जमीन खचली आणि त्याच्या घर्षणाने दऱ्या कोरल्या गेल्या. पुढे बर्फ वितळले, समुद्र आत शिरला, दऱ्यांच्या खाड्या झाल्या आणि टेकड्यांचे माथे तेवढे पाण्यावर राहिले. तीच आजची बेटे. त्यांची संख्या तीन हजारांहून अधिक आहे. पुष्कळशी इतकी लहान आहेत की, त्यांना प्रदक्षिणा घालायला पाव तासही लागू नये. खाली ग्रॅनाइटचा खडक, त्यावर वीतभर माती आणि त्या मातीत मुळे रोवून उभी असलेली स्प्रूसची सूचिपर्णी झाडे, असे त्यांचे रूप असते.

या बेटांवर प्रथम मुक्काम केला तो तेथील मूळच्या वाबानाकी लोकांनी. भूर्जाच्या सालीच्या हलक्या होड्यांतून ते बेटांवर येत, मासे आणि शिंपले गोळा करीत आणि ऋतू पालटला की निघून जात. त्यांनी खाऊन टाकलेल्या शिंपल्यांचे ढीग काही ठिकाणी आजही दिसतात. ते ढीग म्हणजे त्या लोकांच्या इतिहासाची पाने आहेत. म्हणून ते उकरू नयेत, असा तेथे दंडक आहे.

युरोपीय लोकांना मात्र लहान बेटाचा स्वभाव कळायला मोठी किंमत द्यावी लागली. १६०४ साली द मों आणि शाँप्लँ यांच्या फ्रेंच तुकडीने सेंट क्रॉय नदीच्या मुखातील एका छोट्या बेटावर वसाहत केली. शत्रूपासून संरक्षण करायला बेट सोयीचे, असा त्यांचा हिशोब होता. पण हिवाळा आला, नदीतून बर्फाचे तुकडे वाहू लागले आणि मुख्य भूमीशी दळणवळण तुटले. बेटावर गोडे पाणी पुरेसे नाही, सरपण नाही, ताजे अन्न नाही! ७९ माणसांपैकी ३५ माणसे त्या हिवाळ्यात मुख्यतः रक्तपितीने मेली. पुढच्याच वर्षी उरलेल्यांनी वसाहत तेथून हलवली. लहान बेट आश्रय देते, पण पोसत नाही, हा त्यातला धडा. आजही तेथे जाणाऱ्याला पहिली सूचना मिळते ती हीच, की माणशी दररोज सुमारे चार लिटर पाणी बरोबर न्यावे आणि वादळामुळे अडकून पडण्याची शक्यता धरून एक दिवसाचे अधिक न्यावे.

दुसरी गोष्ट भरती-ओहोटीची. आपल्या कोकणातील आणि गोव्यातील श्रोत्यांना ही गोष्ट सांगायला नको. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा जुना हिशोब आपल्याकडे नावाड्याच्या पोरालाही ठाऊक असतो. पण गोव्याच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवशीही पाणी साधारण दोन-सव्वादोन मीटर चढते. मेनमध्ये पोर्टलंड बंदरात नेहमीच्या दिवशीच ते नऊ फूट चढते आणि कॅनडाच्या सीमेजवळच्या ईस्टपोर्टला सुमारे अठरा फूट! म्हणजे एखादे दुमजली घर दिवसातून दोनदा पाण्यात बुडावे आणि दोनदा उघडे पडावे, तसा हा प्रकार.

हे पाणी सहा तास सारख्या वेगाने चढत नाही. खलाशांचा यासाठी बारा भागांचा एक ठोकताळा आहे. एकूण चढाचे बारा भाग करावेत. पहिल्या तासात एक भाग पाणी चढते, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. अठरा फुटांच्या भरतीत पहिल्या तासाला दीड फूट पाणी येईल, पण मधल्या दोन तासांत नऊ फूट येईल. नवख्या माणसाची फसगत होते ती येथेच. ओहोटीच्या वेळी तो पुळणीवर उतरतो, होडी चार हात वर ओढतो आणि पहिल्या तासातली पाण्याची संथ चाल पाहून निर्धास्तपणे तंबू उभारायला जातो. दोन-तीन तासांनी परत येऊन पाहावे, तो होडी गेलेली असते! निर्जन बेटावर होडी गमावणे म्हणजे काय, हे सांगायला नको. म्हणून नियम असा की, भरतीच्या वेळी वाहून आलेल्या शेवाळाची जी रेघ किनाऱ्यावर दिसते, तिच्याही वर होडी उचलून न्यावी आणि झाडाला बांधावी. तंबूही त्या रेघेच्या बराच वर असावा, कारण पौर्णिमा-अमावास्येचे पाणी कालची रेघ मानीत नाही.

बहुतेक लोक या प्रवासासाठी कयाक वापरतात. कयाक म्हणजे वरून झाकलेली, एका किंवा दोन माणसांची अरुंद होडी. तिचे वल्हे दोन्ही टोकांना पात्याचे असते. ही उत्तर ध्रुवाकडच्या लोकांनी शिकारीसाठी शोधून काढलेली होडी. तिला पाणी थोडे लागते, म्हणून जेथे धक्का नाही तेथेही ती लागते. पण ती उलटू शकते, आणि मेनच्या समुद्रात खरे भय बुडण्याचे नसून थंडीचे आहे.

उन्हाळ्यातही तेथले पाणी बहुधा दहा ते पंधरा अंश सेल्सिअस असते. हवा उबदार, आकाश निळे, अशा दिवशी माणूस पातळ सदरा घालून निघतो आणि पाण्यात पडतो. पुढे काय घडते, ते कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाचे प्राध्यापक गॉर्डन गीस्ब्रेख्त यांनी 'एक, दहा, एक' अशा सुटसुटीत सूत्रात सांगितले आहे. थंडगार पाण्यात पडल्यावर पहिले एक मिनिट श्वास आवरत नाही. माणूस धापा टाकतो आणि तोंड पाण्याखाली असले तर तेथेच घात होतो. त्यानंतर हातपाय कामाचे राहतात ते सुमारे दहा मिनिटे. शुद्ध हरपायला मात्र साधारण एक तास लागतो. म्हणजे पोहता येणारा माणूसही दहा मिनिटांनंतर पोहू शकत नाही, पण तरंगत राहिला तर तासभर वाचू शकतो. म्हणूनच तरंगते जाकीट होडीत पायाशी ठेवून उपयोग नाही, ते अंगात असले पाहिजे. पाण्यात पडल्यावर गार पडलेल्या बोटांनी त्याचे बंद लागत नाहीत.

याच थंड पाण्यामुळे धुके पडते. नैर्ऋत्येकडून आलेली उबदार, दमट हवा थंड पाण्यावर येताच तिच्यातील बाष्प द्रवरूप होते आणि पाहता पाहता समोरचे बेट नाहीसे होते. जून-जुलैत हा अनुभव वारंवार येतो. शेवंडी पकडणाऱ्यांच्या यांत्रिक नौका त्याच पाण्यात फिरत असतात. त्यांना खालून जाणारी कयाक धुक्यात दिसत नाही. होकायंत्र, सागरी नकाशा आणि शिट्टी जवळ असावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, आज निघू नये असे वाटले तर न निघण्याइतके शहाणपण असावे. दुपारी खारा वारा चढतो, म्हणून पल्ला सकाळीच उरकावा, हे आपल्याकडच्या नावाड्यांचे धोरण तेथेही लागू आहे.

येथवर जीव सांभाळण्याची गोष्ट झाली. आता प्रश्न असा की, ही बेटे कोणाची? कोणीही यावे आणि राहावे, अशी ती आहेत काय? मुळीच नाहीत. सतराव्या शतकाच्या मध्यास मॅसॅच्युसेट्स वसाहतीने एक हुकूम काढला होता. मेन पुढे मॅसॅच्युसेट्सकडे आले आणि १८२० साली वेगळे राज्य झाले. त्या हुकुमानुसार ओहोटीच्या रेषेपर्यंतची जमीनसुद्धा किनाऱ्याच्या मालकाची. लोकांना तेथे हक्क राहिला तो मासेमारी, पक्ष्यांची शिकार आणि नौकानयन या तीन कामांपुरता. १९८९ साली वेल्स गावच्या खटल्यात मेनच्या सर्वोच्च न्यायालयानेही हाच अर्थ उचलून धरला. तेव्हा ओल्या वाळूत बसण्याचाही हक्क जेथे सर्वांना नाही, तेथे तंबू ठोकण्याचा हक्क कोठून असणार?

मार्ग निघाला तो वेगळ्याच रीतीने. १९७०च्या दशकात राज्याने कायदा करून बेटांच्या मालकांना आपापली मालकी नोंदवायला लावले. ज्यांवर कोणीच हक्क सांगितला नाही, अशी पुष्कळ लहान बेटे आणि खडक राज्याकडे राहिले. त्यांपैकी काही मुक्कामाला योग्य होते. ती बेटे ओळीने जोडली, तर लहान होड्यांसाठी एक जलमार्गच तयार होईल, ही कल्पना डेव्ह गेचेल यांनी मांडली आणि १९८८ साली 'मेन आयलंड ट्रेल' अस्तित्वात आला. आज हा मार्ग ३७५ मैलांचा, म्हणजे सुमारे ६०० किलोमीटरांचा आहे आणि त्यावर दोनशेहून अधिक ठिकाणे आहेत.

त्यांतील कित्येक बेटे खाजगी मालकीची आहेत, आणि विशेष आहे ते हेच. मालक भाडे घेत नाही. तो संस्थेच्या सभासदांना केवळ परवानगी देतो, आणि ती केव्हाही काढून घेऊ शकतो. फुकट येऊ दिलेल्या पाहुण्याला अपघात झाला, तर त्याचा बोजा सामान्यतः मालकावर पडू नये, एवढे संरक्षण कायदा देतो. बाकी सारे विश्वासावर चालते. एका टोळक्याने एका रात्री झाड तोडले, बाटल्या फोडल्या, तर त्याची शिक्षा त्यांना होत नाही. पुढच्या वर्षी येणाऱ्या सर्वांना ते बेट बंद होते.

म्हणून तेथले नियम कडक आहेत, आणि प्रत्येकाला सकारण आधार आहे. चूल पेटवू नये, लहानसा स्टोव्ह वापरावा. याचे कारण, तेथली माती म्हणजे बरीचशी कुजलेल्या सुयांसारख्या पानांचा थरच असतो. वरची आग विझली तरी ती आतून मुळामुळांनी धुमसत राहते आणि काही दिवसांनी पुन्हा वर येते. बेटावर आगीचा बंब कोठून येणार? शौचाच्या बाबतीतही तसेच. वीतभर मातीत मळ पुरता येत नाही आणि कुजतही नाही. म्हणून तो बंद पिशवीत घालून परत न्यावा लागतो. ऐकायला हे किळसवाणे वाटेल, पण दोन एकरांच्या बेटावर एका उन्हाळ्यात शेकडो माणसे येऊन गेली, तर याशिवाय दुसरा उपाय कोणता?

पक्ष्यांची गोष्ट अधिक नाजूक आहे. आयडर नावाचे समुद्री बदक जमिनीवर घरटे करते. माणसाची चाहूल लागताच मादी उठून जाते, आणि काळ्या पाठीचे मोठे कुरव पक्षी याच संधीची वाट पाहत असतात. ती परत येईपर्यंत अंडी नाहीशी झालेली असतात. पाहुण्याने काहीच केलेले नसते, तो फक्त तेथून चालत गेलेला असतो! यास्तव समुद्रपक्ष्यांच्या वीण-बेटांवर १ एप्रिलपासून ३१ ऑगस्टपर्यंत उतरण्यास मनाई असते.

ही सारी देखरेख मुख्यतः स्वयंसेवक करतात. वसंतात आणि शरदात ते बेटांवर जाऊन लाटांनी आणलेले दोर, प्लॅस्टिक आणि मोडके पिंजरे गोळा करतात. काहींनी तर एकेक बेट दत्तक घेतले आहे. बेट त्यांच्या मालकीचे नसते, ते केवळ कारभारी असतात. ख्रिस्ती धर्मशिक्षणात आम्हांला लहानपणापासून शिकवतात की, सृष्टी माणसाच्या हाती ठेव म्हणून दिलेली आहे आणि ठेवीचा हिशोब द्यावा लागतो. या स्वयंसेवकांनी तो विचार धर्मग्रंथातून घेतला असो वा नसो, आचरणात आणला आहे खास.

आपल्या किनाऱ्यावरही बेटे आहेत. त्यांतील काही नौदलाच्या, काही पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहेत, आणि पावसाळ्यात आपला समुद्र कोणाचीच गय करीत नाही. तेव्हा मेनचे अनुकरण म्हणून उद्याच होडी काढावी, असे मी सुचवीत नाही. पण एका दिवसाच्या सहलीला जाणाऱ्यानेही येथून घेण्यासारखे पुष्कळ आहे. निघण्यापूर्वी कोठे जातो आणि केव्हा परततो, हे घरी सांगावे. भरतीची वेळ विचारून घ्यावी. जाकीट अंगात घालावे. जागा ज्याची असेल त्याला विचारून उतरावे आणि नेले ते सारे परत आणावे. जागा आपल्या येण्याने बिघडली नाही, तर पुढच्या माणसालाही तिचे दार उघडे राहते.