इफ्तारचे बटाटे आणि साधी सुरी

रमजानमध्ये पकोडे, कबाब, सालन यांसाठी घरोघरी ढीगभर बटाटे सोलले जातात. सोलणी हाताशी नसली की सुरीने सालीबरोबर बराच गरही जातो. दुसऱ्या कुठल्या महिन्यात नाही, नेमका याच महिन्यात हा इसराफ!

सुरी लहान पण धारदार हवी. बोथट सुरीला जोर लावावा लागतो, ती घसरते आणि बोट कापते. धुतलेला बटाटा पुसून घ्या, पाते सालीला जवळजवळ टेकवून धरा आणि बटाटाच फिरवत राहा. कबाबसाठी उकडायचाच असेल तर सोलू नका. मधोमध सालीपुरती गोल चीर देऊन उकडा, साल बोटांनी निघते.

काटकसर कुठे नको, तर हिरव्या भागात आणि कोंबांत. त्यात सोलॅनिन हे विषारी द्रव्य असते. उकडून-तळूनही ते पुरते जात नाही. तो भाग खोलवर कापा. बटाटा फारच हिरवा किंवा कडू असेल तर सरळ फेका. उजेडाने बटाटा हिरवा पडतो, म्हणून टोपली अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा.

आणि अम्मीजवळ सोलायला नेहमी मुलगीच का? प्रेषित (स.) घरकामात हातभार लावत, हे हजरत आयेशा (रजि.) यांनीच सांगितले आहे. मुलालाही बसवा. पहिल्या चार बटाट्यांची साल जाड निघेल, निघू द्या.